गाडी बोलते म्हणे!

मी बी.कॉम. आहे. ही गोष्ट मी सहसा आपण होऊन सांगत नाही. कारण सांगितली की समोरचा माणूस "मग पुढं काय केलंत?" असं विचारतो, आणि पुढं काही केलेलं नसतं. पुढं बँकेत लागलो. गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजतोय आणि ते बरोबर भरले की समाधानानं घरी जातोय. आज ही पदवी मिरवायचं कारण एवढंच, की मी मोटारगाड्यांवर लिहायला बसलोय आणि 'याला काय अधिकार?' असं काही मंडळी नक्की विचारणार. माझी स्वतःची गाडी म्हणाल तर एक साधी हॅचबॅक आहे आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा अधिकार इतकाच, की मला जमाखर्च कळतो. आणि मी सांगणार आहे ते प्रकरण मोटारींपेक्षा जमाखर्चाचंच जास्त आहे.

माझा थोरला मामेभाऊ अण्णा याला तरुणपणी एकच व्यसन होतं. रद्दीवाल्याकडून विलायती मोटारींची जुनी मासिकं आणायची आणि माडीवर लोळून वाचायची. मी तेव्हा दहा वर्षांचा. तो वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. एकदा म्हणाला, "बघ, काय लिहिलंय! ही गाडी चालवणाऱ्याशी बोलते!"

मी विचारलं, "मराठीत?"

अण्णानं मला माडीवरून हाकलून दिलं. पण तो प्रश्न अजूनही मला चुकीचा वाटत नाही. बोलत असेल, तर काय बोलते ते आधी कळायला नको का?

पुढं अण्णा सरकारी खात्यात लागला, तीस-बत्तीस वर्षं स्कूटरवरून कचेरीत गेला आणि निवृत्त झाला. ग्रॅच्युइटी हातात पडली. माणसं ग्रॅच्युइटीत मुलीचं लग्न करतात, घराला रंग देतात; गेलाबाजार मुदतठेव तरी ठेवतात. मी तर फॉर्म भरून घेऊनच त्याच्या घरी गेलो होतो. अण्णा मला अंगणात घेऊन गेला. तिथं ताडपत्रीखाली १९६० च्या दशकातली, दोन आसनांची, बिनछपराची एक परदेशी स्पोर्ट्स कार उभी होती. नाव मी सांगणार नाही, कारण गाडीला बिचारीला बाजू मांडता येत नाही. रंग लाल. बॉनेट एवढं लांब, की गाडी दारातून आत आल्यावर अण्णा आत यायला थोडा वेळ लागायचा.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, दिसते छान."

पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी अण्णानं मला फिरायला नेलं. जुना कात्रज घाट. पहिलाच पाऊस नुकता पडून गेलेला, रस्ता ओला. अण्णाच्या चेहऱ्यावर माडीवरचं तेज आलं होतं. उतारावरच्या एका वळणावर समोर ट्रक आला. आता अशा वेळी तुम्ही-मी जे करू तेच अण्णानं केलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुढच्या क्षणी मला ट्रक दिसेनासा झाला. मग दरी दिसली, मग कठडा दिसला, मग आम्ही ज्या रस्त्यानं आलो तो रस्ता दिसला. आणि गाडी पुण्याकडे तोंड करून उभी राहिली. घरी गॅस बंद करायचा राहिला हे तिला जणू अचानक आठवलं होतं.

ट्रकवाला खाली उतरून आला. आम्ही जिवंत आहोत याची त्यानं खात्री करून घेतली आणि म्हणाला, "गाडी लई भारी आहे साहेब."

अण्णा मात्र हसला नाही. त्याचे हात थरथरत होते. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही आणि मग म्हणाला, "पाय उचलायला नको होता. मासिकात स्वच्छ लिहिलं होतं, असल्या गाड्या चुकीला क्षमा करत नाहीत. गाडीचा दोष नाही रे. माझ्यातच आता ते राहिलं नाही."

दोन महिने गाडी ताडपत्रीखाली होती. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण वहिनींचा फोन आला, की यांनी डोळे तपासून घेतले, स्कूटर भाच्याला देऊन टाकली, आणि आता मंडईत पायी जातात. बत्तीस वर्षं एकाही माणसाला धक्का न लावता स्कूटर चालवलेला माणूस चाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या एका वाक्यामुळं स्वतःला म्हातारा आणि नालायक समजायला लागला होता! तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, ज्यांनी ही प्रशस्तिपत्रकं लिहिली त्यांची वही एकदा तपासू या.

तपासली. आणि वाचकहो, आमच्या शाखेत तपासणीच्या आदल्या दिवशी जे चालतं, तेच मला तिथं दिसलं. तपासणी असली की आमच्याकडे पंखे फिरतात, पेनाला दोरी येते, दोरीला पेन येतं, आणि एरवी गायब असणारे शिपाई ग्राहकांना "पाणी घेणार का?" असं विचारतात. कॉमर्सच्या पुस्तकात याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. तपासनीस खूश होऊन चांगला शेरा मारतो. तो खोटा नसतो. त्या दिवशी शाखा तशीच असते.

आता हे बघा. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप आली. किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास आणि वेग ताशी दीडशे मैल, म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर. ब्रिटनमधल्या दोन मोठ्या मासिकांनी गाडी मोजून बघितली आणि दीडशेचा आकडा खरा ठरला. जगभर डंका पिटला. फक्त मोजायला मिळालेल्या गाड्या कारखान्यानं खास तयार केलेल्या होत्या आणि त्यांना रेसिंगचे टायर होते. पुढं ज्या सामान्य माणसानं पैसे मोजून ई-टाइप घेतली, त्याला तो आकडा क्वचितच दिसला. त्याला दिसलं ते असं, की पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो गिअर टाकला की करकरून सारा रस्ता वळून बघतो. ब्रेक वेगाच्या मानानं दुबळे. बसायची जागा सडपातळ माणसाचीसुद्धा पाठ धरणारी. आणि रहदारीत इंजिन तापतं ते वेगळंच. गिअरबॉक्स आणि आसनं १९६४ साली सुधारली. म्हणजे तीन वर्षं लोक दीडशे मैलांची कीर्ती विकत घेऊन पाठ शेकत होते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९६२ साली कॅरल शेल्बी यांनी ब्रिटिश सांगाड्यात फोर्डचं इंजिन बसवून कोब्रा नावाची गाडी काढली. गाडी तयार होती एकच. मासिकं मात्र अनेक. तेव्हा त्यांनी काय करावं? प्रत्येक मासिकाकडे पाठवायच्या आधी त्याच गाडीला नवा रंग द्यावा! वाचकांना वाटलं, कारखान्यातून धडाधड गाड्या बाहेर पडताहेत. आमच्याकडे एका माणसानं एकच म्हैस तीन बँकांना तारण दाखवली, तर त्याच्यावर खटला भरतात.

तिसरं तर कळसच. १९६४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित मासिकानं मुखपृष्ठावरच सामना लावला. पॉन्टिॲक जी.टी.ओ. विरुद्ध फेरारी जी.टी.ओ. प्रत्यक्षात सामन्याला फेरारी आलीच नव्हती. मुखपृष्ठावर तिचं चित्र होतं. आणि पॉन्टिॲकमध्ये तिच्या नेहमीच्या ३८९ घनइंचांच्या इंजिनाऐवजी गुपचूप ४२१ घनइंचांचं बसवलेलं होतं. हे जाहिरातीचं काम बघणाऱ्या गृहस्थांनीच पुढं कित्येक वर्षांनी कबूल केलं. म्हणजे एक पैलवान आखाड्यात आलाच नाही, आणि दुसऱ्याच्या लंगोटात तिसराच होता. निकाल मात्र छापून आला.

हे आकड्यांचं झालं. आकडा निदान मोजता तरी येतो. गाडी वळणावर कशी वागते हे मोजता येत नाही आणि तिथंच शब्दांची खरी चैन सुरू होते. आमच्याकडे गोपनीय अहवाल लिहायची एक भाषा असते. 'स्वतंत्र विचारांचा' म्हणजे भांडकुदळ. 'उत्साही' म्हणजे काम न करता फिरणारा. मोटारींच्या परीक्षणाचीही तशीच भाषा आहे, हे मला या वयात कळलं. 'स्टीअरिंग जिवंत आहे' म्हणजे हाताला मुंग्या येतात. 'रस्ता कळतो' म्हणजे खड्डा थेट मणक्याला कळतो. 'गाडीला स्वभाव आहे' म्हणजे सकाळी सुरू होत नाही. 'चालकाकडून कौशल्याची अपेक्षा करते' म्हणजे संधी मिळताच खड्ड्यात घालते. आणि 'क्षमा करत नाही' म्हणजे यापूर्वी कुणाला तरी घातलेलं आहे.

थोर थोर नावं घेतो. भक्तांनी राग मानू नये. मर्सिडीजची १९५४ ची ३०० एस.एल. पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी दारं. गाडी इतकी देखणी, की तिचा फोटो मी आजही नोटांच्या बंडलासारखा जपून ठेवीन. पण तिच्या सांगाड्याच्या नळ्या बाजूंना उंच होत्या, म्हणून दारं वर उघडावी लागली. खिडक्यांच्या काचा खाली होत नसत, त्यामुळं उन्हात आत बसणं म्हणजे पापडासारखं वाळणं. आणि मागचा आस असा, की जोरात वळताना पाय उचलला की मागचा भाग अचानक पुढं यायला बघतो.

पोर्शची ९११ घ्या. इंजिन थेट मागच्या चाकांच्याही मागं. पुढचा भाग हलका पडतो हे बनवणाऱ्यांनाही कळलं. त्यांनी काय केलं माहीत आहे? सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना अकरा-अकरा किलो बिडाचं वजन बसवलं! आमच्या मंडईत तराजूचं एक पारडं हलकं असलं की भाजीवाला दगड बांधतो, त्याला पासंग म्हणतात. जगातल्या महान अभियंत्यांनी जगातल्या महान स्पोर्ट्स कारला पासंग बांधला. आणि परीक्षणं वाचावीत, तर इतर गाड्या तिच्या पासंगालाही पुरणार नाहीत!

लॅम्बोर्गिनीची १९६६ ची मिउरा म्हणजे सौंदर्याची परिसीमा. पण वेग वाढला की पुढचा भाग वर उचलला जायचा, आणि पेट्रोलची टाकी पुढं असल्यामुळं पेट्रोल जसं संपेल तसा तो अधिकच हलका व्हायचा. पुढं त्याच कंपनीची काउंताक आली. तिच्यातून मागचं जवळजवळ काही दिसत नाही. रिव्हर्स घ्यायचा तर दार वर उघडून, उंबऱ्यावर बूड टेकून, बाहेर वाकून मागं बघत चालवायची. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला हेच करतो, पण त्याला कुणी कलाकार म्हणत नाही. तिच्यावर जो मोठा पंख बसवून मिळत असे, त्यानं गाडीचा वेग उलट कमी व्हायचा. तरी लोक पैसे देऊन तो बसवून घेत.

आता तुम्ही म्हणाल, अहो, त्या काळाच्या मापानं मोजा! मोजतो. कॉमर्सवाला माणूस जुनी वही जुन्या भावानंच तपासतो. १९६१ साली ई-टाइपच्या दुप्पट किमतीतही तिच्या तोडीचं फारसं काही मिळत नव्हतं, हे मला मान्य आहे. आणि खरं सांगायचं तर त्या वेळच्या परीक्षकांनी गिअरबॉक्सबद्दल कुरकुर छापलीही होती. पण कुरकुर राहिली आतल्या पानावरच्या अकराव्या परिच्छेदात, आणि दीडशेचा आकडा गेला दिवाणखान्याच्या भिंतीवर. माझं भांडण त्या परीक्षकांशी थोडं आहे. जास्त भांडण आहे त्यांच्यानंतरच्या पूजकांशी, जे पन्नास-साठ वर्षांनी, आज, अरुंद टायरांवर घसरणाऱ्या गाडीला 'खऱ्या मर्दांची गाडी' म्हणतात. आजची कुठलीही साधी हॅचबॅक ओल्या घाटात यांतल्या बहुतेकींपेक्षा शहाण्यासारखी वळते आणि वेळेवर थांबते. तिच्यावर मात्र कुणी कविता करत नाही. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूवर कविता होत नाही, हेच खरं.

दुसरा आक्षेप अण्णाचाच. गाडी चांगली आहे, चालवणारा कच्चा आहे. हे मला अजिबात मान्य नाही. घाबरल्यावर पाय उचलणं हा मनुष्यधर्म आहे. उद्या आमच्या बँकेनं असा जिना बांधला, की पाय घसरून कठडा धरला तर कठडाच निखळतो, आणि वर पाटी लावली, 'हा जिना चुकीला क्षमा करत नाही', तर लोक जिन्याचं कौतुक करतील की मॅनेजरला धरतील?

हे सगळं टिपून घेऊन मी अण्णाकडे गेलो. चहा आला. बशीत मारी बिस्किटं होती. मी खिशातली दोन बॉलपेनं काढली आणि वहिनींकडून थोडी कणीक मागून घेतली. पेनांची आतली टोकं कणकेच्या गोळ्यात खोचली आणि बाहेरच्या टोकांना एकेक बिस्किट उभं चिकटवलं.

"हा तुझ्या गाडीचा मागचा आस," मी म्हटलं. "स्विंग ॲक्सल म्हणतात. मधला गोळा सांगाड्याला पक्का. दोन्ही दांड्या फक्त गोळ्यापाशी हलतात, आणि चाक दांडीला कायम काटकोनात. आता तू वळणावर पाय उचललास. गाडीचा भार पुढं गेला, मागची बाजू वर उचलली गेली. बघ."

मी गोळा वर उचलला. दांड्या बाहेरच्या बाजूला उतरत्या झाल्या आणि दोन्ही बिस्किटं खालून आत वळली. चिखलात धोतर आवरून चालणाऱ्या माणसाचे पाय दुमडावेत तशी.

"चाक असं कलतं झाल्यावर रस्ता काय धरणार? जमिनीला लागली नुसती कड. पकड सुटते ती एकदम सुटते. तू पाय उचललास म्हणून चाक दुमडलं हे खरं. पण पाय उचलल्यावर चाक दुमडेल असा आस तू बनवला नव्हतास."

अण्णा बिस्किटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण एवढे मोठे लोक..."

"मोठ्या लोकांचंच सांगतो. मर्सिडीजनं १९५७ च्या उघड्या गाडीत हा आस बदलून सुधारला. पोर्शनं १९६९ च्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सत्तावन्न मिलिमीटरनं वाढवलं. आपल्या मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची, तिला हाच दुमडता आस होता. १९७२ साली तिच्या जागी गॅझेल काढली तेव्हा मागं सरळसोट अखंड आस घातला. अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेर होती. स्पोर्ट्स कार नव्हे, पण मागचे पाय हेच. ती नीट राहावी म्हणून कंपनीनं सांगितलं होतं, पुढच्या टायरात पंधरा पौंड हवा आणि मागच्यात सव्वीस. आता हवा भरणारा पोरगा हे लक्षात ठेवतो का? १९६५ साली राल्फ नेडर यांनी तिच्यावर पुस्तकाचं पहिलं प्रकरणच लिहिलं. पुढं १९७२ मध्ये सरकारी चौकशीनं तिला निर्दोष सोडलं. कारण काय? तर त्या काळातल्या तशाच इतर गाड्यांपेक्षा ती वाईट नव्हती!"

"म्हणजे आरोपी निर्दोष, कारण सगळं गावच तसं," वहिनी म्हणाल्या.

"बनवणाऱ्यांनी चुका कबूल केल्या अण्णा, लोखंडात कबूल केल्या. फक्त लिहिणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या नाहीत. आणि वाचणाऱ्यानं स्कूटर देऊन टाकली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णानं उजवं चाक उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं. म्हणाला, "भाच्याकडून स्कूटर परत मागायला पाहिजे."

गाडी मात्र त्यानं विकली नाही. विकावी असं मीही म्हटलं नाही. सुंदर वस्तू घरात असावी. ती सुंदर आहे एवढंच म्हणावं. हल्ली दर रविवारी सकाळी, रस्ता कोरडा असला तर, अण्णा वहिनींना शेजारी बसवून सपाटीवरून ताशी चाळीसच्या वेगानं फिरतो. रिक्षा त्यांना मागं टाकून पुढं जातात आणि जाताना रिक्षावाले मान वळवून बघतात. परवा वहिनींना विचारलं, गाडी बोलते का काही?

"गाडी नाही बोलत," त्या म्हणाल्या, "पण हे बोलतात. लग्नानंतर पहिल्यांदाच."

तेव्हा सदर गाडीचं परीक्षण मी बँकेच्या पद्धतीनं खालीलप्रमाणे नोंदवून ठेवतो. गाडी मी स्वतः शेजारी बसून तपासली आहे. दिसायला उत्तम. वळायला भरवशाची नाही. चालकात कोणताही दोष आढळला नाही. कळावे.